मंडईत उभा राहिलेला माणूस

आजवर कुणालाच सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. त्या मंडईत मी उभा राहिलो ते ठरवून राहिलो होतो. कोणत्या वाक्यानंतर उठायचं, किती वेळ गप्प राहायचं, आवाज कुठे चढवायचा, सगळं तालमीत बसवलेलं होतं. एका पोरीनं ते खरं धरलं. तिनं खरं धरलंय हे मला कळलं, आणि मी ते तसंच राहू दिलं.

आता पहिल्यापासून लिहितो.

मी तेव्हा एका संस्थेच्या कलापथकात होतो. मुलांवर होणाऱ्या अत्याचारांविरुद्ध आम्ही गावोगाव पथनाट्य करायचो. आमच्या गोंदियाकडे दिवाळी झाली की गावागावांत मंडई म्हणजे जत्रा भरते. दिवसा बाजार, दंडारीचा नाच-तमाशा, सिंगाडे, ऊस, भजी, आणि लग्न होऊन गेलेल्या पोरी नवऱ्यासकट माहेरी आलेल्या. एवढी माणसं एका जागी एरवी कुठे भेटणार? म्हणून आम्ही मंडया धरायचो. पथक जीपनं जायचं. मी मात्र सायकलनं पुढे जायचो आणि गावकऱ्यांत मिसळून बसायचो, कारण माझं काम वेगळं होतं.

नाटकात एक पोरगी असायची. तिच्यावर घरातल्याच ओळखीच्या माणसानं अत्याचार केलेला. ती आईला सांगते, आई तोंड दाबते. गुरुजींना सांगते, ते दरडावतात. शेवटी ती थेट प्रेक्षकांसमोर येते आणि विचारते, ‘‘माह्यावर कोन विश्वास ठेवते?’’ मग शांतता. कुणी काही बोलत नाही. ती पुन्हा विचारते. आणि गर्दीतून मी उभा राहतो. म्हणतो, ‘‘मी ठेवतो.’’

बस, एवढंच माझं काम. पण ते जमायचं. माझ्या मागून दुसरा कुणीतरी खरोखरचा उठायचा, मग तिसरा, बायका उठायच्या. एका गावी तर मी उठल्या उठल्या मागच्या म्हाताऱ्यानं शर्ट धरून खाली ओढलं. ‘‘बस गा खाली, मांगच्याले दिसून नाही राहिलं!’’ दुसऱ्या गावी एक आजीबाई मलाच दम देत उठली, ‘‘तू एकटाच कायले, मी बी ठेवतो!’’ त्या दिवशी परतताना जीपमध्ये आम्ही पोट धरून हसलो होतो.

नियम एकच होता. नाटक झालं की मी पथकाजवळ फिरकायचं नाही. आपण त्यांच्यातला आहोत हे कुणाला सांगायचं नाही, कारण मंडईला शेजारच्या गावचे पाहुणे आलेले असतात आणि उद्याची मंडई त्यांच्याच गावी असते. नहराच्या म्हणजे कालव्याच्या पुलापर्यंत सायकल मारायची, तिथे जीप थांबलेली. सायकल टपावर, मी आत.

हा नियम दादांचा. दादा म्हणजे आमच्या चळवळीतला मोठा माणूस. मला त्यांनीच कामात आणलं. बाप गेल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवणारा तोच एक. पथकामागे तेच होते, पण फलकावर संस्थेचं नाव असायचं. दादांना लोक राजकारणातला माणूस म्हणून ओळखायचे. दारू न पाजता, नोट न वाटता निवडून यायचं, गावाचा कारभार ग्रामसभेत उघडा करायचा, हे त्यांचं स्वप्न होतं. मी ते त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला माझंच वाटायचं.

ती मंडई बोदलकसा तलावाच्या खालच्या अंगाला असलेल्या एका गावची. नाटक झालं, मी उठलो, माणसं उठली, गाणं झालं. मी सायकल काढायला निघालो तर सिंगाडेवालीपाशी एक पोरगी आडवी आली. सातवी-आठवीतली असेल. हातात उकडलेल्या सिंगाड्यांची पुडी, पण एकही सोललेला नव्हता.

‘‘काका, तुमी कोन्या गावचे?’’

‘‘इथलाच. पलीकडच्या गावचा,’’ मी म्हणालो. नियमाप्रमाणे.

‘‘तुमी खरंच ठेवता विश्वास?’’

सिंगाडेवाली हसली. ‘‘घे वो माय, पोरगी त वकिलावानी इचारते!’’

मी सायकल स्टँडवर लावली. पोरगी मला बाजूला, चिंचेखाली घेऊन गेली. तिथे तिनं जे सांगितलं ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. एवढं सांगतो की तिच्या वस्तीत संध्याकाळी अभ्यासिका चालायची, तिथल्या सरांबद्दल होतं ते. सर बाकीच्या पोरांना घरी पाठवायचे आणि हिला थांबवून घ्यायचे.

नाटकात आम्ही पोरांना ओरडून सांगायचो: कुणी गप्प राहा म्हटलं तरी गप्प राहू नका, हेल्पलाइनला फोन करा, मोठ्या माणसांनो, तुम्हाला कळलं तर पोलिसांना कळवा, न कळवणं हाही गुन्हा आहे. तो नंबर मी स्वतःच्या हातानं कितीतरी शाळांच्या भिंतींवर गेरूनं लिहिला होता. आणि त्या चिंचेखाली मी तिला काय सांगितलं? ‘‘आता कोणाले सांगू नोको. मी पाहतो. मी आहे ना.’’

तिनं मान हलवली. मग सिंगाड्यांची पुडी माझ्या हातात दिली. ‘‘घ्या तुमाले. मले नाही खावंसं वाटत.’’

मी ते सिंगाडे पुलापर्यंत खात गेलो. हे आठवलं की अजून तोंड कडू होतं.

मी मुद्दाम वाईट हेतूनं तिला गप्प राहायला सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, दादांना सांगितलं की झालं. त्यांच्याइतका माणूस पाठीशी असल्यावर ठाणेदार टाळाटाळ करू शकणार नाही. त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला. पायातली चप्पल काढून जमिनीवर आपटली त्यांनी.

‘‘उद्या सकाळीच जाऊ ठाण्यात. मी येतो सोबत. कोन होय तो?’’

मी सांगितलं.

दादांनी चप्पल पुन्हा पायात घातली. मग आत बघून म्हणाले, ‘‘चहा ठेव वो.’’

तो सर त्या भागात दादांचा खांब होता. आपल्याच समाजाचा, शिकलेला, विहाराच्या बांधकामात राबलेला. पोरांना फुकट शिकवायचा. दादांच्या प्रचाराची सगळी गावं त्याच्या हाती. निवडणूक तोंडावर आली होती.

‘‘पाह्य,’’ दादा म्हणाले, ‘‘ही गोष्ट आत्ता बाहेर गेली त एकट्याचं नाव नाही खराब होणार. आपलं सगळ्यायचं होते. इरोधक मनतीन, पाहा, मोठे सुधारक निघाले. इलेक्शन होऊन जाऊ दे. मी सोता तिले बोट धरून ठाण्यात नेतो. माह्यावर विश्वास आहे का नाही तुहा?’’

होता. पूर्ण होता. मी मान डोलावली आणि घरी आलो.

दिवस उलटत राहिले. पोरगी वाट पाहत होती, आणि तिनं माझं ऐकलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. अभ्यासिका चालूच. दरम्यान बचत गटात तिच्या आईचं आणि सरांच्या बायकोचं कडाक्याचं भांडण झालं. कर्ज कुणाला आधी, यावरून. त्या भांडणानंतर थोड्याच दिवसांनी पोरीनं तोंड उघडलं, आईजवळ. आई धानाच्या चुरण्यावरून, मळणी टाकून, तशीच उठली आणि सरांच्या दारात जाऊन उभी राहिली. सगळ्या वस्तीनं ऐकलं.

सर शांतपणे म्हणाले, ‘‘बचत गटाचा राग काढून राहिली बाई. काल भांडन, आज पोरीले शिकवून उभी केली.’’

लोकांना पटलं. भांडण तर सगळ्यांनी पाहिलं होतं.

आता नीट लक्षात घ्या म्हणजे माझं पाप कळेल. पोरीनं ही गोष्ट भांडणाच्या कितीतरी आधी सांगितली होती. मला. त्या वेळी आईला त्यातलं काही माहीत नव्हतं, त्यामुळे शिकवायचा प्रश्नच नव्हता. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि मला. दादांनाही ठाऊक होतं, पण ते माझ्यामार्फत.

वस्तीनं ठरवलं, ठाण्यात न जाता विहारात बसून मिटवू. रविवारी सकाळी बैठक. समाजाचे ज्येष्ठ म्हणून दादांना बोलावलं. दादांनी मला सोबत घेतलं. जीपमध्ये माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘तू काही बोलू नोको. आपल्यालेच आग लावून घ्यायची का? थोडेच दिवस राहिले.’’

रीतीप्रमाणे बैठक वंदनेनं सुरू झाली. हात जोडून सगळ्यांनी पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मीही म्हटलं, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून. सर माझ्यासमोरच बसले होते, पांढऱ्या कपड्यांत, डोळे मिटून.

मग त्या पोरीला पुढे बोलावलं. आमच्या नाटकात एक संवादच होता: लेकराला कधीही चारचौघांत उभं करून विचारू नका. मी तो संवाद दुसऱ्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकला होता.

एक वयस्कर पंच होते, भला माणूस. त्यांनी मऊपणानं विचारलं, ‘‘बाई, तू हे आईले सांगायच्या आंधी कोनाले सांगितलं होतं का?’’

तिनं मान वर केली आणि गर्दीत मला शोधलं. तोपर्यंत तिनं मला पाहिलंच नव्हतं. मला पाहिल्यावर तिचा चेहरा असा काही उजळला की मी खाली बघितलं.

‘‘त्या काकाले,’’ ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या.

‘‘काऊन गा?’’ पंच मला म्हणाले. ‘‘सांगितलं होतं का तुले?’’

दादांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. जोरानं नाही. नुसता आला आणि राहिला.

मी म्हणालो, ‘‘मले याद नाही.’’

नाही सांगितलं असं मी म्हटलं नाही. तेवढी तरी हिंमत हवी होती. मी मधलाच रस्ता धरला. दादा लगेच म्हणाले, ‘‘हा आपला कार्यकर्ता होय. शंभर गावं फिरते. पोरीचा घोटाळा होऊन राहिला असंल.’’

‘‘तुमी त उभे रायले होते,’’ पोरगी म्हणाली. रडत नव्हती. फक्त समजावून सांगत होती, जणू मी खरंच विसरलो आहे आणि आठवण करून दिली की उठेन. ‘‘मंडईत. सगळ्यात आंधी तुमीच उभे रायले होते ना काका.’’

मी बसून राहिलो.

पंचांनी निवाडा दिला: दोन्हीकडून गैरसमज झाला, अभ्यासिका काही दिवस बंद, आणि दोन्ही घरांनी एकत्र चहा घेऊन विषय संपवायचा. आमच्याकडे भांडण मिटलं की असा चहा होतो. तो प्यायला की पुन्हा तो विषय काढायचा नाही. ट्रेमध्ये कप आले. सरांनी घेतला. पोरीच्या आईनं कप हातात घेतला, पाहिला आणि दादांच्या पुढ्यात ठेवला.

‘‘हा बी तुमीच घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘तुमाले प्रचाराले घसा लागंल.’’

पोरीचा हात धरून ती बाहेर पडली. माझ्याजवळून जाताना पोरीनं माझ्याकडे पाहिलं नाही. आईनं पाहिलं.

दादा निवडून आले. गुलाल उधळला. मिरवणुकीत जीपवर त्यांच्या डाव्या हाताला सर उभे होते, गळ्यात हार. मी खाली चालत होतो. तरी मी स्वतःला म्हणत होतो, आज नाही, उद्या. दादा शब्द मोडणार नाहीत.

काही आठवडे वाट पाहून मी विचारलं. दादा वैतागले.

‘‘आता कायले? पोरगी मामाच्या गावाले गेली, तिकडे शिकून राहिली. चांगलं चाललं तिचं. खपली कायले काढतोस?’’

‘‘तुम्ही शब्द दिला होता.’’

‘‘बरं. चाल, जाऊ ठाण्यात. ते विचारतीन, पोरीनं कोनाले सांगितलं? तुले. मंग विहारात काय बोलला होतास तू? भर बैठकीत?’’ ते हसले, तेच जुनं मायेचं हसू. ‘‘आता तुह्या बोलन्याले किंमत नाही ना राहिली, बापा.’’

त्या क्षणी मला कळलं की बैठकीला मला सोबत का नेलं होतं. मी घरी राहिलो असतो तर गप्प राहिलेला माणूस असतो, आणि गप्प माणूस कधीही बोलू शकतो. पोरगी मला ओळखणार हे त्यांनी ताडलं होतं, आणि सगळ्यांसमोर माझ्याकडून खोटं वदवून घेतलं.

पुढच्याच वर्षी सर गावच्या शाळा समितीवर गेले. मी पथक सोडलं. कुणी विचारलं तर सांगायचो, दादांनी दगा दिला. तपशील मात्र कधी सांगितला नाही, कारण तपशिलात मी होतो. दादांचा दगा मोठा करून सांगत राहिलं की त्याच्या मागे माझा लपत होता. बायकोलाही एवढंच माहीत आहे की राजकारणाला कंटाळून मी गोंदियाला आलो आणि राईस मिलच्या वजनकाट्यावर लागलो.

इथे मी दिवसभर धानाचे ट्रक चढताना-उतरताना पाहतो. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी काट्याच्या खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. मी म्हणालो, ‘‘आगे जाओ, ऑफिस उधर है.’’ ती हलली नाही.

‘‘तुमीच ना?’’

त्या पोरीची आई. केस पिकले होते, पण नजर तीच. मी बाहेर आलो.

तिनं थोडक्यात सांगितलं. पोरगी नागपूरला नर्स झाली. लग्नकार्यासाठी गावी आली, आणि संध्याकाळी तिला दप्तरं घेतलेल्या लहान पोरी सरांच्या दारात शिरताना दिसल्या. अभ्यासिका पुन्हा सुरू होती. दुसऱ्या दिवशी ती एकटीच ठाण्यात गेली आणि तक्रार दिली. इतक्या वर्षांनी. पोलिसांनी विचारलं, तेव्हा कुणाला सांगितलं होतं?

‘‘तिले तुमचं नाव बी माईत नाही,’’ आई म्हणाली. ‘‘मनते, उभे रायलेले काका. मी शोधत शोधत आली. आता तरी याद आलं का?’’

‘‘आलं,’’ मी म्हणालो.

‘‘मंग चाला.’’

मी तिला ना बसा म्हटलं, ना पाणी विचारलं. मी मिलमालकाला न विचारता निघालो. रस्त्यात दादांचा फोन आला. एवढ्यात कुणी कळवलं कोण जाणे. ‘‘अरे, या वयात कायले ह्या भानगडीत पडतोस? तुले बी आत टाकतीन. न कळवनं बी गुन्हा होय, मालूम आहे ना?’’

‘‘मालूम आहे. मीच लिहायचो भिंतीवर,’’ मी म्हटलं आणि फोन बंद केला.

ठाण्यात एक तरुण अधिकारी बाई होत्या. मी सगळं सांगितलं. चिंचेखालचं, भांडणाच्या आधीचं, दादांच्या खाटेवरचं, विहारातलं. ‘मले याद नाही’ हे खोटं होतं, हेही लिहून दिलं. मग त्यांनी विचारलं, ‘‘तिने तुम्हालाच का सांगितलं? अनोळखी माणसाला?’’

मी म्हणालो, ‘‘मंडईत नाटक होतं. त्यानंतर ओळख झाली.’’

त्यांनी तसंच लिहिलं. मी सही केली.

बाहेर व्हरांड्यात ती उभी होती. उंच झालेली, खांद्याला पर्स. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली. रागावून नाही.

‘‘विहारात तुम्ही बसून राहिलात, त्याचा राग माझा कधी गेला नाही. जाणारही नाही. पण काका, त्याच्या आधी अख्ख्या मंडईत तुम्ही एकटे उठले होते. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाचा धाक नव्हता. म्हणून मला वाटत आलं, माणूस उठू शकते. वॉर्डात एखादी पोरगी येते ना, कोणाले काही न सांगणारी, तिला मी तुमची ती गोष्ट सांगते.’’

तिची आई बाजूला बसली होती, पदरानं वारा घेत. मी म्हणालो, ‘‘येतो.’’ आणि निघून आलो.

जबाब दिला म्हणून मी सुटलो असं घरी आल्यावर काही क्षण वाटलं होतं. केस चालेल, सरांचा वकील मला उभं करील, जुन्या बैठकीवरून धुऊन काढील. ते मी सोसेन. त्या अभ्यासिकेला सध्या कुलूप आहे, एवढं झालं.

पण ठाण्यात त्या बाईंच्या प्रश्नाला मी अर्धंच उत्तर दिलं, आणि व्हरांड्यात तिच्यासमोर उभा असूनही पुन्हा एकदा बसूनच राहिलो. मंडईतला तो माणूस तिनं इतकी वर्षं जपला आणि दुसऱ्या पोरींना दिला. तो तालमीतला होता. दादांना ते ठाऊक आहे, म्हणजे सरांच्या वकिलालाही कळेलच; हे तिला कोर्टात परक्या वकिलाच्या तोंडून कळण्याआधी माझ्या तोंडून कळायला हवं. ठाण्यात जाऊन राहिलेलं अर्धं उत्तर मला लिहून द्यायचं आहे. आणि त्याआधी नागपूरला जाऊन, तिच्यासमोर, मी ठरवून उभा राहिलो होतो हे तिला सांगायचं आहे. एवढं मी तिचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.